रस्त्याच्या पाटीवरचा आकडा

डांबरी रस्ता गावात आला की गावाचे भले होते. एस्टी येते. दूध वेळेवर डेअरीत जाते. ऊस कारखान्याला लवकर पोचतो. अडलेली बाई रात्री-अपरात्री दवाखान्यात नेता येते. हे सारे खरे. पण रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला, की त्यावरून गाड्याही जोरात धावतात. रस्त्याच्या एका अंगाला गावठाण असते. दुसऱ्या अंगाला शाळा असते, डेअरी असते, मारुतीचे देऊळ असते. माणसे दिवसातून दहा वेळा रस्ता ओलांडतात. गाडीवाल्याला ते गाव वाटत नाही. त्याला तो नुसता रस्ता वाटतो.

मग एखादे दिवशी अपघात होतो. चार दिवस गाव तापते. कोणी म्हणतो, "रस्ता अडवा." कोणी म्हणतो, "आजच्या आज गतिरोधक टाका." दोघे-चौघे रातोरात मुरूम-सिमेंटचा उंचवटा घालूनही टाकतात. पंधरा दिवस जातात. सगळे निवते. रस्ता तसाच, वेग तसाच.

रस्त्यावर वेगाची मर्यादा असते. ती माणसांनीच ठरवलेली असते. म्हणून ती तपासून घेता येते आणि बदलूनही घेता येते. हे काम ओरडून होत नाही. ते मोजून आणि लिहून होते. आणि मंडळी, मोजायला आणि लिहायला तुम्ही आता शिकला आहात. म्हणूनच हा पाठ आम्ही तुमच्यासाठी घेतला.

पाटी वाचू या

रस्त्याच्या कडेला गोल पाटी दिसते. तिची कड लाल असते. आत पांढऱ्यावर काळा आकडा असतो. समजा, आकडा ४० आहे. याचा अर्थ, येथून पुढे ताशी ४० किलोमीटरहून अधिक वेगाने जायचे नाही. गोल पाटी म्हणजे हुकूम. तो मोडला तर दंड होतो. तीन कोनांची पाटी म्हणजे इशारा. पुढे वळण आहे, पुढे शाळा आहे, जपून या, असे ती सांगते. पुष्कळ गावांत शाळेची तिकोनी पाटी असते, पण गोल पाटी नसते. म्हणजे इशारा आहे आणि हुकूम नाही. आपल्या गावात काय आहे, ते आज घरी जाताना पाहा.

पाटी नसली म्हणजे वाटेल तसे जावे, असे मात्र नाही. प्रत्येक प्रकारच्या वाहनाला कायद्याने कमाल वेग ठरवून दिलेला आहे. परंतु तो साऱ्या मुलखासाठी असतो. तुमच्या शाळेपुढचे वळण त्याला ठाऊक नसते. त्या जागेपुरती कमी मर्यादा हवी असेल, तर ती वेगळी ठरवावी लागते आणि पाटी लावावी लागते.

वेग वाढला की काय होते

पुष्कळ जण म्हणतात, "गाडी जोरात असली म्हणून काय झालं? माझा ब्रेक चांगला आहे." आपण हिशेब करू.

एक गाडी ताशी ३६ किलोमीटर वेगाने येत आहे. ती एका सेकंदात १० मीटर जाते. अचानक पुढे पोर आले. चालकाला ते दिसले, त्याच्या ध्यानात आले आणि त्याचा पाय ब्रेकवर गेला. एवढ्याला साधारण एक सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी १० मीटर पुढे आली. ब्रेक लागल्यावर ती आणखी सुमारे १० मीटर जाऊन उभी राहते. रस्ता कोरडा आणि ब्रेक ठीक असेल, तर एकूण २० मीटर झाले. आपल्या चालीने सत्तावीस पावले.

आता दुसरी गाडी घ्या. तिचा वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ आहे. ती एका सेकंदात २० मीटर जाते. म्हणजे पहिली गाडी जिथे उभी राहिली, तिथे या दुसऱ्या गाडीचा ब्रेक नुकता लागतो आहे! त्यापुढे तिला थांबायला आणखी सुमारे ४० मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. एकूण ६० मीटर. ऐंशी पावले. ही ऐंशी पावले एकदा शाळेच्या फाटकापासून रस्त्याने मोजा. कुठवर पोचता, ते पाहा. पावसात रस्ता ओला असला, की हे अंतर आणखी वाढते. उसाने भरलेल्या ट्रॉलीची तर गोष्टच वेगळी.

धडक बसलीच, तर वेगावरच जीव ठरतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोटारीची धडक ताशी ५० ऐवजी ६५ च्या वेगाने बसली, तर पायी माणूस दगावण्याचा धोका साडेचारपट होतो. वेग वाढला पंधराने, आणि मरण साडेचारपट जवळ आले. जिथे माणसे आणि वाहने एकाच रस्त्यावर मिसळतात तिथे ताशी ३० ही मर्यादा असावी, असा ठराव फेब्रुवारी २०२० मध्ये स्वीडन देशात स्टॉकहोम येथे भरलेल्या जागतिक परिषदेत झाला.

आपल्या देशाचे आकडेही डोळे उघडणारे आहेत. सन २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी शंभरातली ७१ माणसे अतिवेगामुळे गेली, असे सरकारी अहवालात नोंदले आहे. त्या वर्षी एकट्या महाराष्ट्रात १५,२२४ माणसे गेली. लोकांना वाटते, अपघात शहरांत होतात. तसे नाही. देशातल्या अशा मृत्यूंपैकी सुमारे दोन तृतीयांश ग्रामीण भागात होतात. आपल्याच रस्त्यांवर.

रस्ता कोणाचा?

अर्ज करायचा तर आधी धनी कोण ते ठाऊक हवे. किलोमीटरचा दगड पाहा. माथा पिवळा असेल, तर राष्ट्रीय महामार्ग. माथा हिरवा असेल, तर राज्य मार्ग. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतल्या रस्त्याच्या दगडाचा माथा नारिंगी असतो. दगडाचा रंग उडाला असेल, तर ग्रामपंचायतीच्या कार्यालयात विचारा. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग हे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. त्याला जुनी माणसे अजून पीडब्ल्यूडी म्हणतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्राम मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. चुकीच्या दारात अर्ज दिला, तर तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. वर्ष निघून जाते.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्याचे कलम ११२ पाठ करून ठेवण्यासारखे आहे. लोकांच्या सुरक्षिततेसाठी, किंवा रस्ता अगर पूल तसा आहे म्हणून, वेग कमी ठेवणे जरूर वाटले, तर राज्य सरकार किंवा सरकारने अधिकार दिलेला अधिकारी तेथे वेगळी मर्यादा ठरवू शकतो. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना काढावी लागते आणि रस्त्यावर पाटी लावावी लागते. दोन्ही हवे. म्हणून ग्रामपंचायतीने आपल्या मनाने रंगवून लावलेल्या पाटीला कायद्याचे बळ नसते. गावाने रंगाचा खर्च करावा आणि गाडीवाल्याने तिच्याकडे पाहून हसावे, असे होते.

याच कलमात एक सोय आहे. मर्यादा एक महिन्यापुरतीच किंवा त्याहून कमी काळासाठी असेल, तर राजपत्राची गरज नाही. गावची जत्रा आहे, आठ दिवस रस्त्यावर गर्दी राहणार आहे. अशा वेळी या सोयीचा उपयोग होतो. जत्रेची पंच कमिटी पालखीचे आणि तमाशाचे बघते, तसे हेही आधी बघायला हरकत नाही.

मोजणी

साहेब विचारतात, "गाड्या जोरात जातात हे कशावरून?" आपण म्हणतो, "सगळं गाव सांगतंय." पण एवढ्याने भागत नाही. आकडा दाखवावा लागतो.

ही मोजणी सोपी आहे. रस्त्याच्या कडेने टेपने १०० मीटर अंतर मोजा. दोन्ही टोकांना चुन्याची खूण करा. एक जण पहिल्या खुणेपाशी, दुसरा दुसऱ्या खुणेपाशी उभा राहील. दोघेही डांबराच्या खाली, साईडपट्टीच्याही पलीकडे. मोजणी करताना आपलाच अपघात नको. गाडी पहिल्या खुणेवर आली की पहिल्याने हात खाली करायचा. दुसऱ्याने मोबाइलमधले सेकंदाचे घड्याळ सुरू करायचे. गाडी त्याच्यापुढून गेली की बंद करायचे. आलेल्या सेकंदांनी ३६० ला भागा. ताशी किलोमीटर निघतात. १२ सेकंद लागले, तर वेग ३०. ९ सेकंद लागले, तर ४०. ६ सेकंद लागले, तर ६०. ५ सेकंदांत गेली, तर ७२.

अशा निदान शंभर गाड्या वहीत नोंदवा. शाळा भरताना, शाळा सुटताना, दुधाच्या वेळी, बाजारच्या दिवशी, अशा निरनिराळ्या वेळी नोंदवा. लपून मोजा असे आम्ही म्हणत नाही, पण फार दिसेल असेही उभे राहू नका. माणसे दिसली की गाडीवाला दबकतो आणि आकडा खोटा पडतो.

मग शंभर वेग लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लिहा. पंच्याऐंशीव्या जागी कोणता आकडा येतो? रस्त्याचे इंजिनियर याच आकड्याला मान देतात. शंभरांतल्या पंच्याऐंशी गाड्या त्याच्या आत असतात. पाटीवर ४० आणि वहीत पंच्याऐंशीवा आकडा ६५ आला, तर समजावे की तेथे पाटी आहे पण मर्यादा नाही.

आमच्या गावी अशी मोजणी झाली, तेव्हा जो तो ट्रकवाल्यांना आणि शहरच्या मोटारींना नावे ठेवीत होता. वही भरली तेव्हा निराळेच दिसले. जोरात जाणाऱ्यांत गावच्याच फटफट्या पुष्कळ होत्या. वडापच्या जीपगाड्याही होत्या. एक म्हातारबाबा वहीवर वाकून म्हणाले, "गुरुजी, ही आमच्या नातवाची गाडी. तेवढं नाव खोडा की." आम्ही म्हटले, "बाबा, नाव लिहिलेलंच नाही. सेकंद लिहिले आहेत." बाबा काही बोलले नाहीत. पण त्या रात्री त्यांच्या घरात बोलणे झाले असावे, कारण नातू पुढे कित्येक दिवस आमच्या ओसरीपुढून अगदी सावकाश जाई.

ही वही दंडासाठी नव्हे. एका माणसाच्या नुसत्या अंदाजावर वेगाची शिक्षा होत नाही, यंत्राचा पुरावा लागतो. दंड करणे हे पोलिसांचे काम. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात अतिवेगाबद्दल हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम व जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड सांगितला आहे. अल्पवयीन पोराच्या हाती गाडी दिली आणि त्याने गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोरगा दहावी पास झाला म्हणून फटफटी घेऊन देणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

वेगाच्या वहीबरोबर अपघातांची नोंदही लागते. गेल्या तीन वर्षांत त्या जागी किती अपघात झाले, किती जण गेले, किती जण जबर जखमी झाले, हे पोलीस ठाण्यातून मिळते. सरळ मिळाले नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर लांबीत तीन वर्षांत मरणाचे किंवा जबर जखमांचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे गेली, तर त्या जागेला अपघातप्रवण स्थळ म्हणतात. ब्लॅक स्पॉट म्हणतात ते हेच. तेथे दुरुस्ती करण्याचा हक्क आपण जोराने मागू शकतो. परंतु आपल्या लहान रस्त्यावर पाच माणसे मरेपर्यंत वाट पाहायची का? आम्हांला हा हिशेब पटत नाही. एक गेला, दोन थोडक्यात वाचले, एवढे लिहून द्यायला पुरेसे आहे.

किती मर्यादा मागावी?

येथे तोल लागतो. गाव रागाच्या भरात म्हणते, "शीव ते शीव २० लावा." तसे होऊ नये. मोकळ्या माळावर, जिथे घर नाही, दार नाही, तिथे २० ची पाटी लावली, तर ती कोणी पाळत नाही. एक पाटी मोडायची सवय लागली, की शाळेपुढची पाटीही मोडली जाते. जेवढ्या लांबीत वस्ती आहे आणि जेवढ्या लांबीत माणसे रस्ता ओलांडतात, तेवढ्याच लांबीसाठी मर्यादा मागावी. तेथे मात्र गाडीवाल्यांची सवय काय आहे ते पाहू नये. पोरे चालतात, म्हाताऱ्या चालतात, गुरे जातात. तेथे ३० मागावेत.

मर्यादा वर-खाली होणे ही नवी गोष्ट नाही. इंग्लंडात १८६५ साली असा कायदा होता, की यंत्राच्या गाडीने गावात ताशी २ मैल आणि गावाबाहेर ४ मैलांहून जोरात जाऊ नये, आणि तिच्यापुढे एक माणूस लाल निशाण घेऊन चालत जावा! १८९६ साली मर्यादा १४ मैलांवर नेली. अलीकडचेच उदाहरण त्याच्या शेजारच्या वेल्सचे. तेथे वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर, अशी मर्यादा होती. १७ सप्टेंबर २०२३ पासून ती २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर केली. लोक चिडले. साडेचार लाखांहून अधिक जणांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. सरकारने ऐकून घेतले. सगळे मोडून टाकले नाही. २०२४ साली स्थानिक संस्थांना सांगितले, की एकेक रस्ता पाहा; जिथे ३० मैल ठीक असेल तिथे ते परत आणा, पण जिथे शाळा आहे, वस्ती आहे, तिथे २० ठेवा. त्या रस्त्यांवर जखमी होणाऱ्यांची आणि मरणाऱ्यांची संख्याही घटली. एकेक रस्ता पाहणे, हेच खरे काम.

गतिरोधकाविषयी

नुसत्या पाटीने वेग उतरतोच असे नाही. रस्त्याची ठेवणही तशी हवी. पण गतिरोधकाला माप असते. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या नियमाप्रमाणे गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटीमीटर उंच असावा. त्यावरून ताशी २५ किलोमीटरने गाडी सुखाने जाते. त्याच्या आधी इशाऱ्याची पाटी हवी. रात्री दिसतील असे पांढरे पट्टे हवेत. गावाने रातोरात घातलेला उंचवटा हातभर रुंद आणि वीतभर उंच असतो. अंधारात त्यावरून फटफटी उडते. मागे एका अंगाने बसलेली बाई पडते. बाळंतीण नेणारी गाडी आदळते. वाचवायला घातलेला उंचवटाच जीव घेतो. म्हणून घालायचा तर बांधकाम खात्याकडून, मापात.

अर्ज

आधी ग्रामसभा. वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्याआधी महिलांची सभा होते. आमचे सांगणे असे, की हा विषय आधी महिलांच्या सभेत मांडा. पाण्याला, दुधाला, पोरांना शाळेत सोडायला रस्ता ओलांडतात त्या बायकाच. पुरुष पारावर बसून रस्ता पाहतात, त्या ओलांडतात. कोठे धोका आहे, हे त्या पावलावर दाखवतील. मग ठराव करा आणि अर्ज लिहा. अर्ज असा लिहावा:

मा. कार्यकारी अभियंता,
सार्वजनिक बांधकाम विभाग, ………… यांस,
विषय : मौजे ………… येथील वस्तीतल्या रस्त्याच्या वेगमर्यादेचा फेरविचार करणेबाबत.
महोदय,
आमच्या गावातून राज्य मार्ग क्रमांक …… जातो. किलोमीटर …… ते …… या लांबीत वस्ती, शाळा व दूध डेअरी आहे. गेल्या तीन वर्षांत येथे …… अपघात झाले. त्यांत …… व्यक्ती मृत व …… जखमी झाल्या. दिनांक …… ते …… या काळात आम्ही १०० वाहनांचा वेग मोजला. त्यांपैकी …… वाहने ताशी ४० किलोमीटरहून जोरात होती. तरी आपण जागेची पाहणी करावी, आणि या लांबीत ताशी ३० किलोमीटर मर्यादा ठरविण्याचा प्रस्ताव योग्य त्या अधिकाऱ्याकडे पाठवावा, ही विनंती.
सोबत : ग्रामसभेचा ठराव, वेगाची नोंदवही, अपघातांची नोंद.
आपले विश्वासू,
(सह्या)

अर्जाची एक प्रत पोलीस ठाण्यात आणि एक जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या. जिल्ह्याची रस्ता सुरक्षा समिती असते आणि जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. अर्ज दिला की आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. यालाच पोच म्हणतात. पोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नका. "ठेवून जा, बघतो," असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे म्हणा, "साहेब, तेवढी पोच द्या, मी थांबतो." महिन्याने जाऊन आवक क्रमांक सांगा आणि विचारा. साहेब पाहणीला आले, तर त्यांना शाळा सुटण्याच्या वेळी उभे करा. दुपारी एकला रस्ता मोकळा असतो आणि साहेबांना गाव शहाणे दिसते.

पाटी लागली, तर एक काम राहते. सहा महिन्यांनी तीच वही काढून, त्याच खुणांवर, पुन्हा शंभर गाड्या मोजायच्या. आकडा उतरला नसेल, तर दुसरा अर्ज.

अभ्यास

१. तुमच्या गावच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा कोणत्या रंगाचा आहे? तो रस्ता कोणाकडे आहे?
२. गोल पाटी आणि तिकोनी पाटी यांत फरक काय?
३. एका जीपने १०० मीटर अंतर ८ सेकंदांत कापले. तिचा वेग ताशी किती?
४. वरच्या अर्जातल्या रिकाम्या जागा आपल्या गावाच्या माहितीने भरा. जी माहिती ठाऊक नाही, ती कोठे मिळेल ते समोर लिहा.